दुखावलेली भावना आणि मारण्याची चिथावणी : पोलीस महासंचालकांना खुले पत्र

मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य



भाषणस्वातंत्र्यावरचे वाद संसदेत आणि सर्वोच्च न्यायालयात रंगतात. पण एखाद्याचे बोलणे चालेल की नाही, याचा पहिला निकाल लागतो तो तालुक्याच्या पोलीस ठाण्यात. रात्रीची वेळ असते, बाहेर पन्नास-शंभर माणसे घोषणा देत असतात, ठाणे अंमलदारासमोर कोणीतरी मोबाइलमधला स्क्रीनशॉट धरलेला असतो आणि गुन्हा दाखल झाल्याशिवाय जमाव हलणार नसतो. घटनेचे कलम १९ त्या टेबलापर्यंत पोहोचले तरच त्याला अर्थ आहे. म्हणून हे पत्र गृहमंत्र्यांना किंवा न्यायमूर्तींना लिहिलेले नाही, ते आपल्याला लिहिले आहे. गृहमंत्री बदलतात, सत्तेतले पक्ष बदलतात. ठाण्याच्या सवयी मात्र वर्षानुवर्षे तशाच राहतात आणि त्या बदलण्याचा अधिकार आपल्या कार्यालयाकडे आहे.

पालघरपासून सुरुवात करावी लागेल. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई आणि आसपासचा परिसर बंद होता. पालघरच्या एका एकविशीतल्या मुलीने फेसबुकवर लिहिले की माणसे रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला? तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केले. एवढ्यावरून लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली आणि दोघींना अटक झाली. आधी धार्मिक भावना दुखावल्याचे कलम लावले गेले, पण मजकुरात धर्माचा उल्लेखच नव्हता. मग त्याजागी समाजगटांत तेढ पसरवल्याचे कलम आले आणि जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ. देशभर संताप उसळला, ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना निलंबित केले गेले, प्रकरण बंद झाले. पण त्या रात्री ठाण्यात जे घडले त्याचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे : आधी जमाव ठरला, मग आरोपी ठरले आणि कलम सगळ्यात शेवटी शोधले गेले.

त्याच प्रकरणाने अस्वस्थ होऊन एक कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या निकालात तीन पायऱ्या नीट वेगळ्या केल्या आहेत. एखाद्या विषयाची चर्चा करणे ही पहिली, एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणे ही दुसरी आणि लोकांना गुन्ह्यासाठी चिथावणे ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बोलणे कितीही बोचरे, अप्रिय किंवा चुकीचे असले तरी ते स्वातंत्र्याच्या आत येते. राज्याचा हात पोहोचतो तो तिसऱ्या पायरीवर. देशातल्या प्रत्येक ठाण्याला हे तेव्हाच कळायला हवे होते. प्रत्यक्षात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आले की रद्द झालेल्या या कलमाखालचे ७४५ खटले ११ राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत अजून चालू आहेत. न्यायालयाने धक्का बसल्याचे बोलून दाखवले, केंद्रीय गृहखात्याने राज्यांना पत्र पाठवले. अस्तित्वात नसलेल्या कायद्याखाली माणसे वर्षानुवर्षे तारखांना हजर राहत होती, याचा अर्थ निकाल दिल्लीत लागला आणि ठाण्यापर्यंत आलाच नाही.

महासंचालक साहेब, बोलणे कोणाच्या कानांनी ऐकायचे, याची कसोटी महाराष्ट्राला बाहेरून आणावी लागत नाही. ती नागपूरची आहे. १९४६ साली, स्वातंत्र्याच्या आधी, नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी एका निकालात लिहिले की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने मोजायचा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. इंग्रजांचे राज्य होते, देशात तणाव होता, तरीही हे माप ठरले. १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेवर बंदी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली ती याच मापाने. मार्च २०२५ मध्ये एका खासदारावर समाजमाध्यमातल्या कवितेवरून गुजरातमध्ये दाखल झालेला गुन्हा न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी रद्द केला, तेव्हाही हेच माप वापरले. जवळपास ऐंशी वर्षे न्यायालये नागपूरचे हे वाक्य उचलून धरतात आणि नागपूर ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या ठाण्यांत मात्र सर्वांत आधी दुखावल्या जाणाऱ्याच्या मनाचे माप चालते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प्रकरण आठवावे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातल्या मजकुरामुळे लोक संतापले. तो संताप समजण्यासारखा होता. त्या मजकुरावर अनेक इतिहासकारांनीही कठोर टीका केली आणि प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच पुस्तक बाजारातून मागे घेतले. पुस्तकाला पुस्तकाने उत्तर देण्याचा रस्ता मोकळा होता. त्याऐवजी लेखकाने आभार मानलेल्या एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळे फासले गेले आणि ५ जानेवारी २००४ रोजी जमाव संस्थेत घुसला. जुन्या पोथ्या, हस्तलिखिते, कागदपत्रे फाडली, फेकली, तुडवली गेली. महाराष्ट्राचा जो इतिहास जपायचा म्हणून ही माणसे आली होती, त्याचीच साधने त्या दिवशी पायदळी गेली. त्यानंतर पुस्तकाच्या प्रकाशक-मुद्रकांवरही गुन्हा दाखल झाला, गटांत तेढ पसरवल्याचा. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि पुन्हा एकदा नागपूरच्या निकालाकडे बोट दाखवले. राज्य सरकारने पुस्तकावर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. म्हणजे कायद्याच्या बाजूने सारे स्पष्ट झाले. फाटलेली पाने मात्र कोणत्याही निकालाने जोडली गेली नाहीत.

आता अलीकडचे. ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका काश्मिरी प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे लिहिले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले ठाण्यात तेढ पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करताना म्हटले की कलम ३७० बाबतच्या निर्णयावर टीका करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे यात काहीच गैर नाही. निकालाच्या शेवटी न्यायालयाने लिहिलेली गोष्ट थेट आपल्या खात्याबद्दल आहे : भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय आणि त्याच्या मर्यादा कोठवर, हे पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे.

त्यानंतर चौदा महिन्यांनी पुण्यात तेच घडले. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, एकोणीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची एक पोस्ट पुढे पाठवली. धमक्या येऊ लागताच तिने ती काढून टाकली, माफी मागितली. तरी महाविद्यालयाने तिला काढून टाकले, पोलिसांनी अटक केली आणि परीक्षेच्या दिवसांत ती येरवडा कारागृहात होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडण्याचा आदेश दिला आणि सरकारला विचारले की एका विद्यार्थिनीला अट्टल गुन्हेगारासारखे का वागवता? तिची पोस्ट चुकीची होती, युद्धाच्या वातावरणात ती अनेकांना लागली, हे मान्य केले तरी तिला कोठडीत ठेवून तपासाचे काय साधले, याचे उत्तर राज्याकडे नव्हते.

हा दोष एका पक्षाच्या सरकारचा नाही, हे इथेच नोंदवायला हवे. २४ ऑगस्ट २०२१ रोजी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांबद्दल कानशिलात लगावण्याची भाषा केली म्हणून केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना अटक झाली. एप्रिल २०२२ मध्ये त्याच मुख्यमंत्र्यांच्या मातोश्री निवासस्थानाबाहेर हनुमान चालिसा म्हणण्याची घोषणा केली म्हणून खासदार-आमदार राणा दांपत्यावर राजद्रोहाचे कलम लागले, ज्या कलमाने १९०८ साली टिळकांना मंडालेला पाठवले होते. सत्र न्यायालयाला त्यात प्रथमदर्शनी राजद्रोह दिसला नाही. पुढच्याच महिन्यात शरद पवार यांच्यावरचा एक मजकूर फेसबुकवर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे यांच्यावर राज्यभर वीसहून अधिक गुन्हे दाखल झाले आणि त्या महिन्याहून जास्त काळ आत राहिल्या. ती भाषा हीन होती. हीन भाषेसाठी अब्रुनुकसानीचा दावा आहे, निषेध आहे, दुर्लक्ष आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एकाच मजकुरावर ठिकठिकाणी फिर्यादी द्यायच्या आणि आरोपीला या ठाण्यातून त्या ठाण्यात फिरवायचे, ही पद्धत त्या मजकुराहून कितीतरी घातक आहे, कारण तिच्यात शिक्षा खटल्याच्या आधीच भोगून होते.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग पोलिसांनी हात बांधून बसावे का? नाही. या पत्राचा खरा आग्रह पुढे आहे. जे बोलणे खरोखर सीमा ओलांडते त्यावर आपले खाते फार उशिरा आणि फार हळू चालते.

२ जून २०१४. समाजमाध्यमांवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत चित्रे फिरली म्हणून पुण्यात काही दिवस तणाव होता. त्या रात्री हडपसरला नमाज आटोपून परतणाऱ्या, मूळ सोलापूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख जमावाला पुरली. जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. मंगळवेढ्याकडून पोट भरायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना बाजाराच्या दिवशी पकडून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मरेपर्यंत मारले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत हिंडणारी ही माणसे, भटकी म्हणूनच संशयाला पात्र ठरली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. मार्च २०२५ मध्ये नागपूर पेटले तेही एका आंदोलनात पवित्र आयती असलेली चादर जाळल्याच्या अफवेने, जी तासा-दोन तासांत मोबाइलमधून शहरभर गेली होती.

राईनपाड्याला ज्या संदेशांनी पाच माणसे मेली, त्यांच्याविरुद्ध भावना दुखावल्याची फिर्याद घेऊन कोणीही ठाण्यात आले नव्हते. ठाणे फिर्यादीची वाट पाहत राहिले तर असे बोलणे त्याला दिसतच नाही. ते शोधावे लागते. पोलीस पाटलाकडून, बाजारातून, स्थानिक गटांतून त्याची खबर ठेवावी लागते, त्याच संध्याकाळी दवंडी पिटून किंवा त्याच व्हॉट्सॲपवरून खोडून काढावे लागते आणि ते मुद्दाम रचणाऱ्याला धरावे लागते.

आणि जिथे शोधण्याचीही गरज नव्हती तिथे काय झाले? २०२२च्या अखेरीपासून राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे निघाले. त्यांतल्या अनेक भाषणांत एका धर्माच्या लोकांवर आर्थिक बहिष्कार टाकण्याच्या हाका दिल्या गेल्या. हे सारे बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांसमोर, माइकवरून. ऑक्टोबर २०२२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या पोलिसांना द्वेषपूर्ण भाषणावर फिर्यादीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हा दाखल करायला सांगितले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सभेबाबत द्वेषपूर्ण भाषण होणार नाही अशी हमी महाराष्ट्राने न्यायालयात दिली. मार्चमध्ये महाराष्ट्राविरुद्धच्या अवमान याचिकेवर सुनावणी करताना खंडपीठाने राज्य शक्तिहीन झाले आहे, वेळेवर पाऊल उचलत नाही, अशा कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली आणि एप्रिलमध्ये स्वतःहून गुन्हा दाखल करण्याचा आदेश सगळ्या राज्यांना लागू झाला. वक्त्याचा धर्म कोणताही असो, हेही त्या आदेशात आहे.

द्वेषाचे भाषण आणि बोचरे भाषण यांत फरक कसा करायचा, असा प्रश्न ठाणेदार विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. शिवाजी, औरंगजेब, गांधी, आंबेडकर, राम, पैगंबर यांच्याबद्दल कोणी काय मत मांडले, यावरून तो फरक करता येत नाही. पाहायचे ते हे की बोलणाऱ्याने जिवंत, आसपास राहणाऱ्या माणसांविरुद्ध काही करायला सांगितले का? त्यांच्या दुकानात जाऊ नका, त्यांना घर देऊ नका, त्यांना गावाबाहेर काढा, त्यांना मारा. सांगणाऱ्याचे ऐकणारे लोक समोर आहेत का, ते तसे करण्याच्या स्थितीत आहेत का? एका मुलीच्या इन्स्टाग्राम पोस्टमागे कोणताही जमाव नव्हता. चौकातल्या भाषणासमोर तो उभाच असतो.

आणखी एक सेन्सॉरशिपही आहे, जिला कोणतेच कलम लागत नाही. २३ मार्च २०२५ रोजी विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमाची चित्रफीत आल्यावर खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची शिवसैनिकांनी मोडतोड केली. पकडलेल्यांना लगेच जामीन मिळाला. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक तिथे हातोडे घेऊन पोहोचले आणि स्टुडिओने आपण बंद करत असल्याचे जाहीर केले. गुन्हा मात्र कलाकारावर कायम राहिला, त्याला अटकेपासून संरक्षणासाठी मद्रास आणि मग मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. मोडतोड करणाऱ्याला हवे ते मिळाले, हे राज्यातल्या प्रत्येक छोट्या नाट्यगृहाच्या मालकाने पाहिले. आता तो संहिता वाचायच्या आधीच तारीख नाकारील. ज्या राज्यात १९७२ साली कमलाकर सारंग यांनी ‘सखाराम बाइंडर’साठी सेन्सॉरशी न्यायालयात झुंज दिली, तिथे आज सेन्सॉर मंडळापर्यंत पोहोचण्याआधीच नाटक गळून पडेल.

समाजमाध्यमावरचा मजकूर काढून टाकण्याचा अधिकारही आता आपल्या खात्याकडे आला आहे. केंद्रीय गृहखात्याच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून वेगवेगळ्या यंत्रणा कंपन्यांना थेट नोटिसा पाठवतात. त्याविरुद्ध एक्स कंपनीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. पुढच्या महिन्यात नियम बदलले आणि पोलिसांच्या बाबतीत खास नेमलेल्या उपमहानिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच अशी नोटीस द्यावी, कारणासह, असे ठरले. ही सुधारणा चांगली आहे. पण ज्याचे लिखाण काढले जाते त्याला बहुतेकदा कळतच नाही की कोणी, का आणि कोणत्या कायद्याने काढले. बलात्काराचा व्हिडिओ तासाभरात उतरवलाच पाहिजे. एखाद्या मंत्र्यावरची खिल्ली उतरवायची तर त्याचे कारण लिहिणाऱ्याला कळले पाहिजे, म्हणजे तो न्यायालयात जाऊ शकेल. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या सत्यशोधन कक्षाचा नियम रद्द केला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती की आपल्याबद्दलचे खरे-खोटे सरकारच ठरवील.

आता मागण्या. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने, चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोलण्या-लिहिण्यावरच्या अशा तक्रारींत ही चौकशी करणेच योग्य. ठाण्याबाहेर जमाव असताना ठाणेदाराला उभे राहायला ही एकच भक्कम जमीन आहे : ‘तक्रार घेतली आहे, उपअधीक्षकांकडे चौकशी लागली आहे, घरी जा.’ आपण परिपत्रक काढून ही चौकशी सक्तीची करावी आणि जमावाच्या दबावाला न झुकणाऱ्या निरीक्षकाची बदली होणार नाही, हे पाहावे. अशा गुन्ह्यांत अटकेऐवजी कलम ३५ची नोटीस हा नियम असावा. एकाच मजकुरावर दहा जिल्ह्यांत फिर्यादी आल्या तर पहिली सोडून बाकीच्या तिथेच वर्ग कराव्यात.

जाहीर सभांतल्या चिथावणीबाबत मात्र बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यानेच सरकारतर्फे फिर्यादी व्हावे, चित्रीकरण त्याच रात्री ताब्यात घ्यावे. अशा खटल्यांना सरकारची किंवा जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तिच्याशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. आरोपपत्र तयार असताना फाइल मंत्रालयात पडून राहिली तर गुन्हा दाखल होऊनही काही होत नाही. परवानगीसाठी पाठवलेले प्रस्ताव किती, मंजूर किती, किती काळ प्रलंबित, हे आकडे आपण दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावेत. मजकूर काढण्याच्या नोटिसांचेही तसेच, कलमनिहाय.

शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत दरवर्षी नवे उपनिरीक्षक तयार होतात. हातकणंगल्याच्या प्रकरणातला २०२४चा निकाल, कवितेच्या प्रकरणातला २०२५चा आणि न्या. बोस यांचा नागपूरचा, या तिन्हींचा चांगला मराठी अनुवाद त्यांच्या अभ्यासक्रमात घालावा, त्यावर परीक्षेत प्रश्न असावा आणि त्याची एक प्रत राज्यातल्या प्रत्येक ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या खणात राहावी. हे परिपत्रक आपल्या सहीने, पुढच्या निवडणुकीचा प्रचार सुरू होण्याआधी निघावे, ही विनंती.

कळावे,
महाराष्ट्रातील एक नागरिक